वाचक विचारतात : गोळी आणि ग्लास

आषाढ संपत आला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात. गुंगी आणणारं औषध चालू आहे, आणि गटारीला बसायचं आहे. या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतली आहेत. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : वय ५२. दोन वर्षांपासून झोपताना क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी घेतो. शनिवारी मित्रांबरोबर दोन लार्ज होतात. आठला बसतो, दहाला उठतो, गोळी अकराला घेतो. म्हणजे मध्ये तासाभराचं अंतर असतं. आजवर काही झालेलं नाही. एवढं अंतर पुरेसं आहे ना? (सातारा)

उत्तर : नाही. आणि अंतर वाढवलंत तरी हे गणित जुळत नाही.

आधी दारूचा हिशोब. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये ते २० ग्रॅम भरतं, दोनात ४०. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. हा वेग ताकाने, लिंबूपाण्याने, कडक चहाने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने तसूभरही वाढत नाही. आठला बसलात तर रक्त कोरडं व्हायला बारा ते दोन वाजतात. अकराला गोळी तोंडात टाकता तेव्हा अर्धा ते एक लार्ज अजून अंगात फिरत असतो.

आता गोळीचा हिशोब, आणि खरी गोम इथेच आहे. क्लोनाझेपामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० ते ४० तास लागतात. तुम्ही ती रोज घेता, म्हणजे कालची निम्म्याहून जास्त शिल्लक असतानाच आजची पडते. आठवड्याभरात ही शिल्लक एका गोळीच्या सुमारे अडीच पटीवर जाऊन स्थिरावते. तेव्हा शनिवारी आठ वाजता पहिला घोट घेता त्या क्षणीही अंगात भरपूर क्लोनाझेपाम असतं. अंतर ठेवायचं कशापासून? गोळी उशिरा घेतली काय, लवकर घेतली काय, त्या रात्री दोन्ही एकत्रच असतात.

दोन्ही एकत्र आल्यावर काय होतं? मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींचा वेग कमी करतं, गाडीच्या ब्रेकसारखं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या एका कुटुंबातल्या गोळ्या तो ब्रेक जास्त घट्ट लागायला मदत करतात, पण ब्रेक मुळात मेंदूनेच दाबलेला असावा लागतो. म्हणून नुसत्या या गोळ्यांच्या परिणामाला काहीशी मर्यादा राहते. दारू त्याच ब्रेकवर आपला स्वतंत्र पाय ठेवते, आणि वर मेंदूला जागं ठेवणाऱ्या ग्लुटामेटलाही अडवते. मग ती मर्यादा उरत नाही. मेंदूच्या तळाशी श्वासाचं केंद्र आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते छातीला श्वास घ्यायला लावतं. ते सुस्तावलं की श्वास उथळ होतात, लांब लांब पडतात. झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘आजवर काही झालेलं नाही’ या वाक्यावर आमचा फारसा विश्वास नाही. शनिवारी रात्री घोरणं वाढतं का, हे घरच्यांना विचारा. रात्री तीनला बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते का? रविवारी सकाळी आदल्या रात्रीचं शेवटचं बोलणं आठवतं का? खिचडीत साबुदाणा मोजायला लागल्यासारखी ही चौकशी वाटेल, पण त्रास सुरू होतो तो असाच, बारीकसारीक. मोठा प्रसंग येतो तो जेवण कमी झालेल्या, दोनाचे तीन लार्ज झालेल्या, किंवा सर्दीची गोळीही पोटात असलेल्या दिवशी. त्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे झोपेत उलटी होणं. शुद्धीतल्या माणसाला ठसका लागतो. गुंगीत ठसकाच लागत नाही आणि उलटी थेट श्वासनलिकेत उतरते.

तेव्हा बंद करायचा तो ग्लास. गोळी मात्र मनाने बंद करू नका. दोन वर्षं रोज घेतलेली क्लोनाझेपाम एकाएकी थांबवली तर झोप पार उडते, छातीत धडधडतं, काहींना फिटही येते. झोपेसाठी या गोळ्या सहसा दोन ते चार आठवड्यांपुरत्या द्यायच्या असतात. दोन वर्षं जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवत राहण्यापेक्षा डॉक्टरांकडे जा आणि ती हळूहळू उतरवता येईल का, हे विचारा. उतरवायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

प्रश्न : मी झोपेची कुठलीही गोळी घेत नाही. कंबरेतून पायात कळ जाते म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. मागच्या आठवड्यात नुसती एक बीयर घेतली तर उठता येईना. बीयरमध्ये भेसळ असेल का? (नाशिक)

उत्तर : भेसळीआधी औषधांची चिठ्ठी बघा. नस दबल्याच्या दुखण्यावर बहुतेक वेळा प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम देतात. पुष्कळदा त्याच कॅप्सूलमध्ये नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम आणि मिथाइलकोबालामिन असतं. यातलं मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते निरुपद्रवी आहे, आणि त्याच्या नावावर अख्खी कॅप्सूल ‘नसांची ताकदीची गोळी’ म्हणून खपून जाते. उरलेली दोन्ही औषधं गुंगी आणतात. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन यांमुळे श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. दम्यासारखे फुप्फुसाचे आजार असलेले, उतारवयातले आणि सोबत दुसरं गुंगीचं काही घेणारे यांना धोका अधिक. प्रीगॅबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मधुमेहाने मूत्रपिंडं कमजोर झालेल्या माणसाच्या अंगात ते जास्त वेळ राहतं.

दुखणं जास्त असेल तर ट्रामाडॉलही दिलेलं असतं, अनेकदा ३७.५ मिलिग्रॅम, सोबत पॅरासिटामॉल ३२५. ट्रामाडॉल अफूच्या गुणधर्माचं औषध आहे. दारूबरोबर ते श्वास दाबतं, शिवाय फिट येण्याची शक्यता वाढवतं. सोबतच्या पॅरासिटामॉलचा भार यकृतावर, तोही रोज पिणाऱ्याच्या. स्नायू सैल करणाऱ्या टिझानिडिनमुळे दारूनंतर रक्तदाब एकदम खाली येतो. तुम्हाला उठता आलं नाही, त्याचं एक कारण हेही असू शकतं.

राहता राहिली ‘नुसती एक बीयर’. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल, दोन लार्जच्या बरोबरीने. ५ टक्क्यांची माइल्ड घेतली तरी २५ ग्रॅम. बीयरला दारूच न मानण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे ती या हिशोबात बसत नाही.

ज्यांच्या चिठ्ठीत हे काही नाही त्यांनीही नजर टाकावी. खाज-ॲलर्जीवरचं हायड्रॉक्सिझिन आणि सेटिरिझिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, गाडी लागू नये म्हणून घेतलेलं प्रोमेथाझिन, डोकेदुखीसाठी रात्री दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, नैराश्यावरचं मिर्टाझापिन, मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्वेटियापिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. ही सगळी दारूची गुंगी वाढवतात. सगळी सारखीच घातक आहेत असं नाही. एका सेटिरिझिनने माणूस पेंगुळतो. कोडीन, ट्रामाडॉल किंवा अल्प्राझोलाम असेल तर प्रश्न श्वासाचा असतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोपेसाठीचं झोल्पिडेम, ट्रामाडॉल यांच्या पाकिटावर लाल चौकटीतला शेड्यूल एच-१ चा, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांचा, इशारा असतो. पण चौकट नाही म्हणजे गुंगी नाही, असा उलटा अर्थ काढू नका.

गंमत अशी की अँटिबायोटिक चालू असलं की लोक इमानदारीने ग्लास पालथा घालतात. मेट्रोनिडाझोलसारख्या काहींच्या बाबतीत ती काळजी रास्तच आहे. पण तीच मंडळी ‘गोळी तर साधी झोपेची आहे’ म्हणून निर्धास्त बसतात. भीती नेमकी उलट्या जागी आहे.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या लग्नात परवा थोडी घ्यावी लागणार. मला फिट येतात, त्यासाठी गोळी चालू आहे. त्या दिवसापुरती गोळी चुकवली तर चालेल ना? (कराड)

उत्तर : हा मार्ग सगळ्यात वाईट. गोळी चुकल्याने फिट येते, दारू उतरताना फिट येते, जागरणानेही येते. तुम्ही तिन्ही एकाच रात्री जुळवून आणताय. गार्डिनलसारखं फिनोबार्बिटोन घेत असाल तर ते निम्म्यावर यायलाच तीन-चार दिवस लागतात. एक दिवस चुकवून ते अंगातून जात नाही, आणि दारूबरोबर ते क्लोनाझेपामपेक्षाही धोक्याचं. गोळी वेळेवर घ्या. ग्लासात थम्सअप असला तर वरातीत कोणी तपासत नाही.

प्रश्न : माझे पती रोज पिऊन येतात आणि रात्रभर भांडतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, अर्धी झोपेची गोळी कुटून दह्यात घाल, गप झोपतील. दुसऱ्या एकीने दारू सोडवायची पावडर भाजीत मिसळायला सांगितली. काय करू? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, दोन्ही नको. तुमची रात्र कशी जाते याची कल्पना आहे, म्हणूनच कारणं नीट सांगतो.

ते घरी येतात तेव्हा किती प्यालेले असतात हे तुम्हाला माहीत नसतं. देशीचा एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, यात ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. घराच्या दारात शेवटचा घोट घेतला असेल तर त्यानंतर तासभर तरी रक्तातली दारू चढतच राहते. त्यावर अर्धी गोळीही कुणाला जड जाईल, हे आधी सांगता येत नाही. यकृत खराब झालं असेल तर डायझेपामसारखी गोळी दुपटीने वेळ अंगात राहते. ‘त्यांना सवय आहे, पचेल’ हेही खरं नाही. सवयीने चालणं-बोलणं सांभाळता येतं, श्वासाच्या केंद्राला तेवढी सवय होत नाही. आणि काही माणसं अशा गोळीने शांत होण्याऐवजी जास्तच बेफाम होतात. उरलासुरला ताबाही सुटतो. मार खायची पाळी तुमच्यावर येईल.

‘सोडवायची पावडर’ म्हणजे बहुधा डायसल्फिराम. ते यकृताला अल्कोहोलचं विघटन अर्ध्यावर थांबवायला लावतं आणि मधल्या टप्प्यावर तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य अंगात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर जीव जाऊ शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटाला किमान १२ तास उलटल्यावरच सुरू करतात. एकदा घेतलं की परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. न सांगता भाजीत घातलं तर त्या माणसाला कळतही नाही की आज प्यायलो तर काय होईल.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी चुकते. चिडून त्यांना खोलीत कोंडून ‘आजपासून बंद’ करू नका. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा तासांपासून हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं-किडे दिसतात, ताप चढतो. यात माणसं दगावतात. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात याच काळात क्लोर्डायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, म्हणजे ज्या कुटुंबाची गोळी आम्ही नको म्हणतो तीच. फरक एवढाच की तिथे दारू पूर्ण थांबलेली असते, नाडी, रक्तदाब आणि थरथर बघून डोस ठरतो, आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत तो उतरवत नेतात.

दारू प्यालेल्या वेळी वाद घालू नका. सकाळी, ते शुद्धीत असताना बोला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे आधी तुम्ही एकट्याही जाऊ शकता. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गटही भरतात. हात उगारला जात असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. त्यासाठी व्यसनमुक्तीची वाट बघू नका.

प्रश्न : दारू आणि गोळी दोन्ही घेतलेला माणूस नुसता झोपलाय की धोक्यात आहे, हे घरी कसं ओळखायचं? (ठाणे)

उत्तर : हाक मारा. उत्तर नाही आलं तर खांदा हलवा. तरीही नाही तर छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात रगडा. नुसत्या झोपेतला माणूस कण्हतो, हात झटकतो, शिवी देतो. काहीच केलं नाही तर १०८ लावा. ‘थोडा वेळ बघू’ म्हणू नका.

मग घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण अशा वेळी श्वास अनियमित असतात. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० असतात. दहाच्या खाली आले, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी खंड पडू लागली, तर धोका आहे. ओठांच्या आतली बाजू आणि नखं निळसर-राखाडी दिसतात का, तेही पाहा. सावळ्या रंगावर बाहेरून ते चटकन कळत नाही. आणि घोरण्याचा आवाज ऐका. गुरगुरल्यासारखं, पाणी अडकल्यासारखं घोरणं म्हणजे जीभ मागे पडून किंवा लाळ-उलटी साचून वाट अडते आहे. ‘किती गाढ झोपलाय, घोरतोय बघ’ असं म्हणत शेजारी टीव्ही चालू राहतो आणि इकडे माणूस जातो.

श्वास चालू असेल तर कुशीवर करा. त्याचा तुमच्या बाजूचा हात काटकोनात बाहेर काढा. दुसऱ्या हाताचा पालथा पंजा त्याच्या गालाखाली ठेवा. पलीकडचा गुडघा वाकवून त्याला तुमच्याकडे वळवा. हनुवटी जरा वर, तोंड किंचित खाली, म्हणजे उलटी बाहेर येईल. एकाने शेजारी बसून राहायचं. पाठीवर, उशीला टेकवून ठेवू नका.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, ताक, लिंबू, कॉफी, डोक्यावर थंड पाणी, दोघांनी धरून फिरवणं, यातलं काहीही नको. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास थांबला, किंवा अधूनमधून नुसता आचका येत असेल, तर पाठीवर झोपवा आणि छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

सोबत गोळ्यांची पाकिटं न्या, रिकामी असली तरी. काय, किती, किती वाजता, एवढं एका कागदावर लिहा. ट्रामाडॉल-कोडीनवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. क्लोनाझेपामच्या कुटुंबावर फ्लुमाझेनिल आहे, पण रोज त्या गोळ्या घेणाऱ्याला ते दिलं तर फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना खरं कळणं फार गरजेचं. दारूवर असा उतारा नाही. ती यकृतालाच संपवावी लागते आणि तोवर श्वास सांभाळायचा असतो.

गोळ्या मुद्दाम घेतल्याचा संशय असेल तर पोलिसांच्या धास्तीने लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला आत्महत्येच्या प्रयत्नासाठी शिक्षा होत नाही. बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रंदिवस सुरू असतो, मराठीतही.

प्रश्न : रात्री बाराला पार्टी संपते, एकला झोल्पिडेम १० मिलिग्रॅम घेतो, सकाळी सहाला एक्स्प्रेसवेवर. डोळे उघडे असले म्हणजे झालं ना? (पनवेल)

उत्तर : डोळे उघडे असणं आणि समोरच्या ट्रकचा ब्रेकलाइट वेळेत दिसणं, यात फरक आहे. झोल्पिडेम लवकर उतरतं खरं, पण ते गोळी घेतल्यावर सात-आठ तासांची झोप धरून. तुम्ही पाच घेता. सकाळी रक्तात उरणाऱ्या औषधामुळेच २०१३ मध्ये अमेरिकेत स्त्रियांसाठी याचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम करण्यात आला. झोपेत उठून स्वयंपाक करणं, गाडी चालवणं आणि सकाळी काही न आठवणं हे प्रकार या गोळीने घडतात. दारूने ती शक्यता वाढते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे, आणि औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा न राहणं हाही. नळीत फुंकून सुटलात म्हणजे कायद्यातून सुटलात, असं नाही. पहिल्या वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. रात्री ६० मिलिलिटर ब्रँडी ‘थंडीसाठी’ गेली तीस वर्षं. आता डॉक्टरांनी अल्प्राझोलाम पॉइंट पंचवीस दिली आहे. ब्रँडीचं डॉक्टरांना सांगायला ते तयार नाहीत. (सावंतवाडी)

उत्तर : तुम्ही सांगा. त्यांच्यासमोर, पण तक्रारीच्या सुरात नको. ‘पीत नाहीत, औषधासारखी घेतात’ असंही सांगू नका. कागदावर आकडा लिहून न्या : रोज ६० मिलिलिटर, म्हणजे २० ग्रॅम. फेणी असेल तर फेणी लिहा, तीही याच ताकदीची असते. ‘लार्ज’ प्रत्येक घरी वेगळा असतो, त्यामुळे एकदा त्यांचा नेहमीचा पेला मापाच्या भांड्याने मोजून पाहा. साठ म्हटलेले पुष्कळदा नव्वद निघतात.

या वयात अल्प्राझोलाम अंगात जास्त वेळ राहतं आणि त्याच डोसाने तोल जास्त जातो. श्वासाआधी इथे भीती पडण्याची. रात्री लघवीला उठताना पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला साधा मारही महाग पडतो. आठवडाभराने आत रक्त साचून माणूस बरळायला लागतो आणि घरचे म्हणतात, ब्रँडी चढली. शिवाय रोजची ब्रँडीच पहाटे तीनला झोप मोडत असते. दारू उतरली की मेंदू जागा होतो. अशा वेळी गोळी द्यायची ती ज्या तक्रारीसाठी, ती तक्रार ब्रँडीचीच असण्याची शक्यता मोठी आहे.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. गोळी लागतेच का? ब्रँडी कशी कमी करायची, एकदम की टप्प्याने? आणि गोळी महिनाभर घेऊन झाली असेल तर ती कशी उतरवायची? तोवर पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक दिवा चालू ठेवा, पायपुसणं काढून टाका आणि गोळ्यांची पट्टी त्यांच्या उशाशी न ठेवता तुमच्याकडे ठेवा. संध्याकाळी त्यांनी ब्रँडी घेतलीच, तर त्या रात्री अल्प्राझोलाम द्यायची की नाही, तेही आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. रात्री अकराला दवाखाना उघडा नसतो.